उलाळ

मी एकदा विमानाच्या शेपटात दगड घातला. तो चुकून पडला नव्हता आणि मला कुणी घालायला लावला नव्हता. मागं कुणी नाही ना हे दोनदा बघून, चिंधीत गुंडाळून, दोन पक्क्या गाठी मारून मीच तो आत बांधला. वरून कापड चढवलं, इस्त्री फिरवली आणि शहाण्या बाईसारखी चहा ठेवायला घरात गेले.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. त्या वयात अक्कल आलेली असते म्हणतात. आता सत्तरी ओलांडून मागं बघते, तर वाटतं त्या बाईला कुणीतरी कान धरून कोपऱ्यात उभं करायला हवं होतं. पण तिचा कान धरण्याची हिंमत एकाच माणसात होती, ती तिच्या धाकट्या बहिणीत. आणि दगडाची सगळी भानगड बहिणीपायीच झालेली. म्हणजे तिच्या नसण्यापायी.

आधी विमानाचं सांगते, नाहीतर लोक माझ्या पायातल्या स्लिपरकडं बघतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. विमान आमचं होतं. आमच्या ह्यांनी बनवलेलं. हे घुग्घुसकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. उभा जन्म कोळशाच्या धुळीत मोठमोठी यंत्रं उघडण्यात आणि जोडण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आम्ही सिंदेवाहीजवळ ह्यांच्या गावी आलो. तिथं ह्यांच्या भावाची बंद पडलेली राइस मिल होती. लांबच लांब टिनाची शेड, भिंतींना कोंड्याचा वास. त्या शेडमध्ये एके दिवशी ट्रक लागला आणि लाकडाच्या पेट्या उतरल्या. परदेशातून आलेल्या. पेटीत विमान असतं आणि ते आपण घरी जोडायचं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला माहीत होता तो पेटीतला संसार, मुलीच्या लग्नात देतात तो.

पेट्या उघडल्या तर आत नळ्या. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पिशव्या भरभरून नट-बोल्ट आणि पंचांगाच्या चौपट जाड पुस्तक.

"हे विमान व्हय?" मी विचारलं. "मले वाटलं सायकलीचं दुकान टाकून राह्यले."

"टाकीन," हे म्हणाले. "पहिले पाऊण तासात तुले सिरोंच्याले नेतो, मंग टाकीन."

हे ऐकून मी तिथून निघून गेले. सिरोंचा हे नाव आमच्या घरात तीन वर्षं कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

माझी बहीण सिरोंच्याकडं दिली होती, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या गावात. तिकडची माणसं अर्धी मराठी, अर्धी तेलुगू बोलतात. लग्नाआधी ती मला बाई म्हणायची, लग्नानंतर अक्का म्हणायला लागली. एका श्रावणात निरोप आला की तिला ताप आहे आणि उतरत नाही. मी तशीच निघाले. आलापल्लीपर्यंत पोचले. पुढच्या नाल्यावर पाणी होतं.

"आज गाडी नाई जात, बाई," कंडक्टर म्हणाला. "पूलच दिसून नाई राह्यला."

तीन दिवस मी रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसले. पिशवी मांडीवर, पिशवीत तिच्यासाठी साबुदाणा आणि क्रोसिनची पट्टी. रोज तोच कंडक्टर, रोज तेच उत्तर. चौथ्या दिवशी फोन आला. ती गेली होती. पाणी तरीही उतरलं नाही, उतरल्यासारखं करून पुन्हा चढलं. मी तिच्या दारात पोचले ती अकराव्या दिवशी. दहावा आदल्या दिवशी उरकला होता.

आपल्याकडं चितेशी पाण्याचं मडकं ज्या खड्यानं फोडतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात वस्तीला असतो म्हणतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा पाण्यात सोडायचा आणि जीव मोकळा करायचा. हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि तिच्या मागच्या ओसरीतल्या कोनाड्यात मला एक दगड दिसला. मूठभर, काळा, नदीनं गोल केलेला. हळदीनं पिवळा झालेला, वर तेलाचा हात. खाली तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी. मी तो नाकाशी धरला. ओळखीचा वास आला, तिच्या घराचा, तिच्या बोटांचा. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

आता छप्पन्नच्याही आधीच्या, त्रेपन्नच्या बाईची बुद्धी पाहा. तिनं ठरवलं की पुरामुळं यांना नदीपर्यंत जाता आलं नाही, म्हणून खडा सोडायचा राहिला. नदी तेव्हा त्या घराच्या पायरीला जीभ लावून गेली होती. चिखलाची रेघ दारावर दिसत होती. पाण्यापर्यंत जायला त्यांना उंबरा ओलांडायचीही गरज नव्हती. पण शोकात माणसाला जे हवं तेच दिसतं, आणि मला ती हवी होती. तिचा नवरा मुंडण केलेलं डोकं भिंतीला लावून बसला होता, त्यानं मान वर केली नाही. मी त्याला विचारलं नाही. चिंधीसकट दगड पिशवीत टाकला, साबुदाण्याच्या खाली. ही सरळ चोरी होती.

बरं, चोरला तर वाटेत नदीत सोडायचा. तेही केलं नाही. तीन दिवस स्टँडवर बसूनही बहीण भेटली नव्हती, आता भेटली तर सोडू? घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवला.

मग आमच्या घराचा नूर बदलला. दुपारी मी एकटी असले की मागच्या दारी कुणीतरी बांगड्या मागं सारून भांडी घासतंय असं वाटायचं. गेलं तर भांडी कोरडी. तांदूळ काढायला डबा उघडायची तर हात आत घालायच्या आधी मी "सरक गं" म्हणायची. म्हणजे म्हटलं जायचं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की मी हातातलं टाकून उभी राहायची, पिशवी शोधायची. कुठं जायचं ते आठवायला थोडा वेळ लागायचा, आणि आठवलं की पुन्हा खाली बसायची.

ह्यांना दगडाचं माहीत नव्हतं. ह्यांना फक्त हॉर्नला उभी राहणारी बाई दिसत होती. एक दिवस ह्यांनी आमच्या भागाचा नकाशा जमिनीवर पसरला, चंद्रपूर ते सिरोंचा पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली. त्यानंतर पत्रव्यवहार, दिल्लीचे कागद आणि शेवटी त्या पेट्या. मी काय समजले? म्हाताऱ्याला रिकामपण सोसत नाही. गावात मीच सांगत फिरले की आमच्या ह्यांच्या डोक्याचा एक बोल्ट खाणीत राहिला.

हे डिक्शनरी मांडीवर घेऊन पुस्तक वाचत. एक ओळ वाचायची, एक नट लावायचा. पण पुस्तकात होतं तसंच्या तसं केलं नाही. आमच्याकडं गुळगुळीत धावपट्ट्या कुठल्या, म्हणून चाकं मोठी घेतली. दोन सीटांच्या मागं सामानाची जागा होती ती बदलली. माझी आलापल्लीची पिशवी घेऊन गेले आणि तिच्या मापाची पेटी बसवली. उजव्या बाजूच्या दाराला, खाली गुडघ्यापाशी, एक जास्तीची खिडकी कापली.

"हे कायले?" मी विचारलं.

"खाली पाहाले."

"कोणी पाहाचं?"

"जे बसन ते पायीन."

त्या बाजूला कोण बसणार हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

प्रत्येक बदलाचं वजन व्हायचं आणि ह्यांच्या खडूनं मिलच्या भिंतीवर चढायचं. चाकं जास्तीची इतकी, पेटी इतकी, खिडकीची काच इतकी, आणि प्रत्येक वस्तू नाकापासून किती हातांवर आहे ते. एवढं कशाला म्हणून मी हसले तर ह्यांनी मला रेंगीची आठवण दिली. रेंगी म्हणजे आमच्याकडची दोन माणसांची हलकी बैलगाडी, पळणारी. लग्नानंतर मी सासरी आले ती रेंगीतूनच.

"तुया मामानं मांगं फणस ठेवला व्हता, आठवते?"

आठवत होतं. मागं जड झाल्यावर जू बैलांच्या मानेवरून वर उचललं, गाडीचं तोंड आभाळाकडं आणि नवरी फणसावर. गाडी अशी मागच्या भारानं उठते त्याला आमच्याकडं उलाळ म्हणतात.

"विमान उलाळ झालं तं काय व्हते?"

"नाक वर जाते. गेलं तं खाली येत नाई. आणि मंग एकदमच येते." ह्यांनी खडू खिशात टाकला. "शेपूट लांब असते ना. तिथली चिमूटभर वस्तू इथल्या पायलीभर तांदळाएवढी."

हे मी कानांनी ऐकलं होतं. पुढं कुणी म्हणायला नको की बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगाडा झाल्यावर कापडाचं काम आलं. असल्या विमानाचे पंख पत्र्याचे नसतात. पट्ट्यांवर पॉलिस्टरचं कापड ताणून चिकटवतात, इस्त्रीनं आवळतात, मग मेणाच्या सपाट दोऱ्यानं पट्टीला शिवतात. प्रत्येक टाका सारख्या अंतरावर, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, कारण हवा वरून ओढत असते. ह्यांनी दोन दिवस शिवून पाहिलं, उसवलं, आणि दाराशी येऊन उभे राहिले.

"तुया हात पाह्यजे."

मी गावातले ब्लाऊज शिवायची. माझ्या टाक्याला गावात मान होता. मी भाव खाल्ला, दोन दिवस आढेवेढे घेतले, मग लांब सुई घेऊन मिलमध्ये गेले आणि भाद्रपदापर्यंत तिथून निघाले नाही. खरं सांगते, तेवढे महिने मी बसच्या हॉर्नला उठले नाही. मागच्या दाराचा आवाजही बंद होता. एका बाजूनं मी सुई घालायची, पंखाच्या दुसऱ्या बाजूनं हे ती बाहेर ओढून परत द्यायचे. मधे कापड, एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. आयुष्यात इतक्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या.

शेवटी राहिलं शेपूट. हे काहीतरी आणायला वरोऱ्याला गेले होते. मी उघड्या नळ्यांकडं बघत बसले, आणि मला वाटलं हे यंत्र सिरोंच्याला जाणार आहे. रस्त्यानं मी तिच्यापर्यंत पोचू शकले नाही. हे पोचणार. नदीवरून जाईल तेव्हा तिला आपोआप सुटायला मिळेल. माझ्या डोक्यात हे अगदी सरळ, चकचकीत उभं राहिलं. मी घरी गेले, तांदळाच्या डब्यातून दगड काढला, त्याच्याच चिंधीत गुंडाळला आणि शेपटाच्या अगदी टोकाला, आतल्या नळीला पंखाच्या दोऱ्यानं बांधला. उलाळ हा शब्द मला त्या क्षणी आठवलासुद्धा. पण मी म्हटलं, तिचं वजन ते काय? ताप येऊन येऊन वाळलेली पोर.

नंतरचा चहा मी सांगितलाच.

मग चांदीच्या रंगाचे हात बसले, त्यावर पांढरा. महिना गेला. मिलमध्ये उंदीर पहिल्यापासून होते, पण शेपटाच्या बाजूला त्यांची फार गर्दी व्हायला लागली. त्या टोकाला त्यांना काय गोड लागत होतं कोण जाणे. ह्यांनी पिंजरे लावले. आणि एका सकाळी तोलायला म्हणून शेपूट उचललं, तर आतून आवाज आला.

टक.

खाली ठेवलं. टक.

माझ्या हातातला खराटा पडला. मला समजलं की ती ठोठावतेय.

ह्यांना समजलं की आत काहीतरी सुटलं आहे. तीन तराजूंवर विमान चढवलं, तर भिंतीवरची बेरीज आणि मागच्या चाकाचा काटा जुळेना. फरक अगदी थोडा. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. ह्यांनी पुन्हा तोललं. पुन्हा. मग एकेक बोल्ट, एकेक पट्टी पुस्तकाशी ताडून पाहिली. कापडाला जी छोटी झाकणं होती तिथून बॅटरी आणि आरसा घालून आत बघितलं, पण टोकाची हातभर जागा मागच्या चाकाच्या जाड पट्टीआड होती. तिथं आरसा पोचेना.

"एखादा पाना राह्यला असन माया हातून," हे म्हणाले. "शेपटातून नाक वर-खाली करायचा दांडा जाते. त्याच्यात अडकला ना, तं दांडा हालत नाई. वर गेलेला माणूस तसाच."

"मंग कापड कापून पाहा," मी म्हटलं. खरं तर मला वाटत होतं की ह्यांनीच कापावं आणि माझं सांगायचं वाचावं.

"नाई. कापड तुयं काम हाये. त्याच्यात चूक नाई. चूक माया कामात हाये, ते मी माया बाजूनं शोधीन."

दोन महिने शोधली. मी रोज जेवण घेऊन जायची आणि दारात थांबून कान देऊन ऐकायची. वारा सुटला की शेडचं टिन हलायचं आणि त्याबरोबर शेपटातून टक, टक. मी दुपारी त्या शेपटाला हात लावून हळू आवाजात सांगायची, "थांब ना गं जराशी, नेतो म्हटलं ना." आवाज थांबायचा. थांबायचा म्हणजे वारा पडायचा. पण छप्पन्नच्या त्या बाईला वाऱ्याशी काय घेणं.

ह्यांची जेवणं कमी झाली. जे हात डोळे मिटून पाना निवडायचे, ते पाना उचलून त्याच्याकडं बघत राहायचे. नागपूरचे एक निवृत्त वैमानिक विमान पहिल्यांदा उडवायला येणार होते. मार्गशीर्षात एका दुपारी मी गेले तर हे ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होते. अर्धी भिंत पुसून झाली होती.

"काय करून राह्यले?"

"त्याइले फोन केला, येऊ नका म्हणून. हिशेब जुळून नाई राह्यला." माझ्याकडं पाठ होती. "हात गेला माया. ज्या कामाचा माणसाले भरोसा नाई, त्याच्यात दुसऱ्याले बसवू नये."

पाठमोरा माणूस कसा दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. ह्यांचा सदरा खांद्यावरून सुटल्यासारखा लोंबत होता. त्या सदऱ्यात आता माझ्या नवऱ्याऐवजी दुसराच कुणी म्हातारा होता आणि त्याला मी बनवला होता.

मी पेटीतली मोठी कात्री घेतली, शेपटाखाली उताणी झाले आणि पोटाचं कापड वीतभर कापलं. कापड फाटताना मोठा आवाज होतो.

"अवं! अवं, येडी झाली का! काय करून राह्यली!"

मी खांद्यापर्यंत हात घातला. एक गाठ उंदरांनी खाल्ली होती. दुसरीच्या दोन धाग्यांवर दगड लोंबत होता, दांड्यापासून बोटभर. चिंधीची तर जाळी झाली होती. ओढून काढला आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय व्हय?"

"बहीण," मी म्हटलं.

मग फळीवर बसून सगळं सांगितलं. कोनाडा, साबुदाणा, तांदळाचा डबा, गाठी. हे ऐकत होते. माझं संपल्यावर उठले, कापडाचा डिंक मोजायच्या काट्यावर दगड ठेवला, आकडा बघितला, आणि पुसायच्या राहिलेल्या अर्ध्या भिंतीपाशी जाऊन खडूनं वजाबाकी केली.

"जुळलं," म्हणाले. आणि फडकं तोंडाला लावलं. "मले वाटलं मी संपलो."

मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याऐवजी हे माझ्याशी बोलेनात. चार दिवस सगळं बोलणं विमानाशी. "या बाईले विचारा, भाजीत मीठ घालाचं व्हतं का नाई." "या बाईले सांगा, कात्री जागेवर ठेवाव." विमानानं मला काही सांगितलं नाही, पण मी ऐकलं. पाचव्या दिवशी मेणाचा दोरा माझ्यापुढं टाकला.

"शिव आता. आणि तिले सोबत घेऊ. पण शेपटात नाई. माणसाची जागा सीटवर असते."

विमान उडालं. पंख काढून ट्रकवर घातले, चंद्रपूरच्या बाहेरच्या धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडले. वैमानिकानं आधी नुसतं पळवलं, मग चार हात उचललं, मग गोल फिरवून आणलं. उतरल्यावर ते ह्यांना म्हणाले, "भाऊ, दांडा सोडला तरी सरळ जाते हो." हे फक्त मान हलवून चाकाजवळ वाकले, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून. कागद पुरे झाले तेव्हा माघ लागला होता. सीटा दोनच. एक वैमानिकाची. दुसरीवर बनवणाऱ्यानं बसावं की नाही?

"बस," ह्यांनी मला दार उघडून दिलं. "वजन तुयंच धरलं हाये भिंतीवर. पयल्या दिवसापासून."

मी दगड मांडीवर घेऊन बसले. रेंगीत बसले होते त्यापेक्षा जास्त घाबरले होते, आणि या वेळी फणसही नव्हता. वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं डोळे मिटलेले. मग गुडघ्यापाशी ऊन लागलं म्हणून उघडले, तर खिडकीतून खाली सगळं जंगल, पानं झडलेला साग, तपकिरी, त्यात मधेच हिरव्या तळ्याचा तुकडा. मी न विचारता वैमानिक नावं सांगत होते. "ती वैनगंगा, वहिनी." "हे आलापल्ली." स्टँडचं टिन चमकलं. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन. शंभर व्हायच्या आत पुढचा नाला आला. झाडांमधून गेलेली एक वाळूची रेघ, त्यावर पूल आडवा, काडी ठेवल्यासारखा.

"एवढाच?" मी विचारलं.

"काय एवढाच?"

एवढ्यावरून मी तिला जाऊ दिलं होतं.

तिच्या गावावर वैमानिकानं एक वळसा घेतला. नदी हिवाळ्याची, रुंद आणि आळशी. तिचं घर मी ओळखलं, कवेलूचं छप्पर आणि मागची चिंच. मागच्या अंगणात एक बाई उभी होती, डोळ्यांवर हात धरून वर बघत. तिथून माणूस मुंगीएवढं दिसतं, बाई की पुरुष हे समजत नाही, लुगड्याचा रंग तर मुळीच दिसत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. लुगडं हिरवं होतं आणि डोक्यावरचा पदर उजवीकडून घेतला होता, तिला मी किती वेळा सांगूनही ती घ्यायची तसा.

मी खिडकीच्या कडीला हात घातला.

"नको हो वहिनी! विमानातून काही टाकायचं नसते. नियम आहे."

म्हणून दगड माझ्याबरोबर परत आला. हे धावपट्टीच्या कडेला उभे होते. "दिसलं?" विचारलं. "दिसलं," म्हटलं. काय दिसलं ते ह्यांनी विचारलं नाही.

हे जाऊन आता पाच वर्षं होतात. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता, टूलबॉक्स पुसून ठेवल्यासारखे. विमान मिलमध्ये उभं आहे. त्याच्या कागदांची मुदत कधीच संपली. मी आठवड्यातून एकदा जाऊन त्याच्यावरचा कोंडा झटकते, भिंतीवरची वजाबाकी पुसली जात नाही ना ते बघते. शेपटात आता काही नाही, हे मी स्वतःच्या हातानं शिवलंय. तरी वारा सुटला की टक होतं. मी टिनाला शिव्या देते, आणि जाताना शेपटावर हात ठेवून येते. आता त्या हाताखाली दोघंजण असतात असं वाटतं, म्हणून जरा जास्त वेळ थांबते.

सांगायचं राहिलं ते दगडाचं. त्या उड्डाणानंतरच्या चैत्रात मी बसनं सिरोंच्याला गेले. अख्खा दिवस लागला. बहिणीचा नवरा ओसरीवर बसला होता, केस पांढरे, पूर्वीपेक्षा बारीक. मी दगड त्याच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, मी चोर हाये. इथून तिचा जीवखडा मी नेला. नदीवर घेऊन चला, तुमच्या हातानं सोडू." आणि सगळं सांगितलं, विमानासकट.

त्यानं दगड उचलला, फिरवला, नाकाशी धरला. तसाच आत गेला. मला वाटलं देवापुढं ठेवायला गेला. तो बाहेर आला तो काखेत चिनी मातीची मोठी बरणी घेऊन, रिकामी, धुळीनं भरलेली. ओसरीवर ठेवली आणि दगड तिच्या तोंडातून आत सोडला. माप घेऊन केल्यासारखा तो तळाला जाऊन बसला.

"जीवखडा तं दहाव्यालेच गेला, अक्का. मीच सोडला. पाणी दारातच व्हतं. हे तिच्या लोणच्याचं वजन व्हय, फोडी तेलाखाली दाबाचं. दहाव्याच्या जेवणाले बरणी उघडली, तवा कोनाड्यात काढून ठेवलं व्हतं."

चाळीस वर्षं लोणची घातलेली बाई मी. हळद, तेल, मोहरी. उंदरांना समजलं ते मला समजलं नाही. मी हसायला तोंड उघडलं आणि भलताच काहीतरी आवाज निघाला. त्यानं मला पाणी आणून दिलं. माझं पिऊन होईपर्यंत तो बरणीत वाकून बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

"ते लोणचं सारं नासलं, अक्का. तिच्या हातचं शेवटलं व्हतं. आमी दोन दिवस घर धुंडाळलं, दगड गेला कुठी म्हून."